कुणाची गं तू?

नाउरूवर एखादं पोर समोर आलं की माणसं त्याचं नाव विचारत नाहीत. "कुणाची गं तू?" असं विचारतात. उत्तरात बापाचं नाव सांगितलं तर हसतात. बापाला इथे कोण विचारतो! आईचं कुळ सांगायचं. ते तिला तिच्या आईकडून आलेलं असतं, आणि त्या आईला तिच्या आईकडून. तेवढं सांगितलं की घरात घेतात, ताटात मासा पडतो, आणि कुठे भांडण झालं तर आपल्या बाजूनं ओरडायला चार माणसं मिळतात.

मला या प्रश्नाचा लहानपणापासून राग. मी फैली कुर्द. इराकनं माझ्या बापाला "तुम्ही इराणी" म्हणून हाकललं आणि इराणनं "तुम्ही इराकी" म्हणून कागद दिले नाहीत. मी निर्वासितांच्या वस्तीत जन्मले. शाळेत मास्तर विचारायचे, "रौनाक, तू कुठली?" मी म्हणायचे, "कुठलीच नाही." वर्ग हसायचा. मग मीही हसायचे, म्हणजे लवकर संपायचं.

सिरवानशी लग्न झाल्यावर आम्ही दोघं बोटीत बसलो. बोटीनं आलेल्यांना आमच्या देशात ठेवून घेणार नाही, असं ऑस्ट्रेलियानं तेव्हा नुकतंच ठरवून टाकलं होतं. आम्हाला विमानात घालून या बेटावर आणून सोडलं. त्यांनी नाउरूला पैसे दिले, नाउरूनं जागा दिली. आम्हाला कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर इथल्या लोकांनाही कुणी विचारलं नव्हतं. बेट एवढंसं की गाडीत बसून निघालं तर हातातला चहा पुरता गार व्हायच्या आत माणूस निघाला तिथेच परत येतो. मधला सगळा माथा खतासाठी खणून नेलेला, वर नुसते पांढऱ्या दगडांचे सुळके. त्या सुळक्यांत छावणी, तिला कुंपण, आणि कुंपणाच्या बाहेर समुद्राचं कुंपण.

पोटात हाना होती तेव्हा आम्हाला छावणीतून काढून अनिबारेला, किनाऱ्यालगत एका पत्र्याच्या घरात ठेवलं. "आता तुम्ही मोकळे," असं अधिकाऱ्यानं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात छपरावर धाडधाड दगड पडले. बाहेर पोरं ओरडत होती, "घरी जा!" मला इतका संताप आला! अरे, घर असतं तर इथे कडमडले असते का?

तेवढ्यात शेजारच्या अंगणातून एक थोराड बाई हातात झाडू घेऊन निघाली. ती एइदारा. हे घर तिचंच, आमचं भाडं सरकार तिला द्यायचं.

"मेल्यांनो, पत्रा माझा आहे! फुटला तर तुझा बाप भरून देणार का रे?" पोरं पांगली. मग ती आमच्या दाराशी येऊन मलाच डाफरली, "आणि तू गं? आत काय लपून बसलीस? शिव्या येत नाहीत तुला?"

"येतात. पण आमच्या भाषेतल्या."

"मग दे की! त्यांना कुठे कळतायत!"

दुसऱ्या दिवशी मी दिल्या. एइदारा अंगणात मासे साफ करत बसली होती, ती ऐकून पोटभर हसली. त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणायला लागले.

मावशीचं तोंड फाटकं, हात सढळ. टँकरचं पाणी आलं नाही तर तिच्या टाकीतलं मिळायचं, पण "तुम्ही आलात आणि बेटावरचं पाणी आटलं" हे ऐकून घेऊनच. कच्चा मासा खोबऱ्याच्या दुधात कालवून खायला तिनंच मला शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी लोकांनी इथली निम्म्याहून जास्त माणसं बोटीत कोंबून कुठल्या कुठे नेली होती. मावशीची आई त्यातली. उपाशी राहून, मरता मरता वाचून ती बोटीनंच परत आली होती. "तिला तिथली माणसं रोज म्हणायची, घरी जा," मावशी सांगायची. "जायला बोट देत नव्हते ते निराळं."

हाना इथल्याच इस्पितळात जन्मली. नाउरूवर मुलाचा पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाहून मोठा थाट. आम्ही काही करणार नव्हतो, पण मावशीनं ऐकलं नाही. आदल्या दिवसापासून डुकरं भाजायला घातली आणि आमच्यासाठी कोंबडीची पातेली वेगळ्या चुलीवर, लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवली. "तुझ्या देवाला वास जायला नको," म्हणाली. सगळी अनिबारे जेवायला आली. आमच्यावर दगड टाकणारी पोरंसुद्धा दोनदोनदा केक घेऊन गेली.

जेवणं झाल्यावर मावशी हानाला कडेवर घेऊन उभी राहिली. माझा हात धरून तिनं मलाही उठवलं.

"ऐका रे सगळे! माझ्या पोटी आले ते सगळे दांडगे पोरगे. आमच्या घरातलं कुळ माझ्यापाशी संपत होतं. आता संपत नाही. ही रौनाक माझी लेक, आणि ही माझी नात."

मावशीचा भाऊ देरियो, म्हणजे घरातला मोठा मामा, हाडूक खाली ठेवून म्हणाला, "ताई, रक्ताचं काय?"

"आपलं कुळ कोणतं रे?"

"रानिबोक."

"त्याचा अर्थ काय? सांग की, तोंडात मासा अडकलाय?"

"किनाऱ्याला वाहून आलेली वस्तू," मामा पुटपुटला.

"मग ही काय विमानातून उतरली?"

"विमानातूनच उतरली की!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसले.

"त्याच्या आधी बोटीत होती ना!" मावशी गरजली. "रानिबोक नाही तर काय मग ती?"

मामाही हसला. त्यानं उठून हानाच्या कपाळाला नाक लावलं. मी मात्र रडले. बेटावर आल्यापासून इतकी पहिल्यांदाच रडले, आणि दुःखानं नाही. घरी आल्यावर सिरवानला म्हटलं, "आपल्या पोरीला उत्तर मिळालं." तो म्हणाला, "आपल्याला सुटका मिळायला हवी होती."

त्याचंही खरं होतं. सिरवान हाताचा कसबी, बंद पडलेले फ्रीज, मोटरसायकली चालू करून द्यायचा. पण कामं मिळेनात, मिळाली तर कुणी म्हणायचं, आमच्या पोरांची कामं हे खातात. एक दिवस त्याला रस्त्यात मारलं. त्यानंतर तो हळूहळू बंद पडत गेला. आधी बाहेर जाणं थांबलं, मग बोलणं, मग जेवण. हाना बोलायला शिकली तसा तो बोलायचा विसरला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. इस्पितळातल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "माझ्याकडे याचं औषध नाही. याला बेटाबाहेर काढ, नाहीतर हा राहायचा नाही."

म्हणून मी नावं दिली. एक थंड देश आमच्यासारखी काही कुटुंबं घेणार होता. दोन वर्षं गेल्यावर आम्हाला मुलाखतीला बोलावलं. मी सिरवानला हाताला धरून नेलं. हाना चार वर्षांची, तिला कुठे ठेवणार? तिलाही नेलं. समोर त्या देशाची बाई होती, कॅथरीन. आवाज मऊ, डोळे मायाळू. फोनवर दुभाषी. तिनं सिरवानकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं आपलं काम.

तेवढ्यात चहा घेऊन कचेरीतली मुलगी आली, नाउरूचीच. हानाला पाहून तिनं सवयीनं विचारलं, "कुणाची गं तू?"

हानानं मावशीनं पाठ करून घेतलेलं धडाधड सांगितलं. "रानिबोक! अनिबारेच्या एइदाराची नात!" आवाज अस्सा, मावशीच्याच ठसक्यात.

"अगंबाई!" ती मुलगी हरखून गेली. कॅथरीनला तिनं सगळं समजावलं: बाई, ही तर आमचीच, हिचं कुळ आहे, आजी आहे, मामा आहेत, इथे कुळात घेणं म्हणजे लहान गोष्ट नाही. कॅथरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती सुंदर!" ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला इथे माणसं आहेत."

मी म्हटलं, "माणसं आहेत, पण माझा नवरा मरतोय."

"हो, हो. पण आधार आहे ना." ती लिहीत होती. "आम्हाला आधी त्यांना न्यायचं असतं, ज्यांचं इथे कुणीच नाही, ज्यांना इथे राहणं धोक्याचं आहे. तुमचं नाव काढत नाही, मागे ठेवते. एकदा घरी येऊन बघून जाईन."

मागे म्हणजे किती मागे, ते तिलाही माहीत नव्हतं.

घरी आले ती तणतणत सरळ मावशीच्या अंगणात गेले. ती मासे साफ करत होती. "तुझ्या मायेनं आमचा गळा आवळला!" मी ओरडले. "तू आम्हाला आपलं म्हणालीस, म्हणून आता आम्हाला कुणी नेणार नाही! कुणाची नसते तर आज सुटले असते मी!"

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मी दमल्यावर तिनं एवढंच विचारलं, "ती बाई येणार कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"येऊ दे."

कॅथरीन आली तेव्हा मी घर झाडून, चहा मांडून बसले होते. काय सांगावं ते जुळवत होते. तिची गाडी दाराशी थांबते न थांबते तोच मावशी बाहेर आली. पाठीमागे देरियो मामा आणि आजूबाजूची माणसं. हाना "आजी!" करत धावली. मावशीनं तिला हातानं बाजूला सारलं. ढकललंच म्हणा ना. हाना धुळीत बसली.

"आलीस का बाई न्यायला?" मावशी कॅथरीनवर कडाडली. "ने, ने! केव्हाची वाट बघतोय आम्ही. तिकडचं सरकार आपली घाण आमच्या दारात टाकतं, आणि आम्ही गरीब म्हणून गप्प बसायचं! आमचं पाणी यांना, इस्पितळातल्या खाटा यांना, कामं यांना. माझा मुलगा घरी बसलाय, आणि ह्यांच्या घराचं भाडं सरकार भरतं. आमची जमीन खणून नेली तुम्ही लोकांनी, उरलेल्या दगडांवर आता माणसं आणून ओतता?"

कॅथरीन चाचरली, "पण मला सांगितलं की ही मुलगी तुमच्या कुळातली... रानिबोक..."

"रानिबोक म्हणजे काय ठाऊक आहे तुला? किनाऱ्याला लागलेला कचरा! तोच म्हणतो आम्ही यांना. पोरीला वाटलं, लाडानं म्हणतात!"

लोक हसले, मग ओरडायला लागले. इतकी वर्षं मावशीच्या धाकानं गिळलेलं सगळं बाहेर आलं. कुणीतरी दगड उचलला. तो कॅथरीनच्या गाडीच्या काचेला लागला. ती घाईघाईनं गाडीत बसली. काच खाली करून मला म्हणाली, "मला माफ करा. मला कल्पना नव्हती. मी आजच्या आज कळवते." मी हानाला उचलून आत आणलं आणि दार लावून घेतलं.

सोंग होतं हे मला कळायला हवं होतं. थोडं कळलंही. पण मावशीच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि कामांविषयी बोलताना तिचा आवाज फाटला होता. एवढं काही सोंगात येत नाही.

पुढे दोन दिवस ती अंगणात दिसली नाही. तिसऱ्या दिवशी चिन्याच्या दुकानात तांदळाच्या पोत्यांपाशी गाठ पडली. मी जवळ गेले.

"बोलू नकोस माझ्याशी," ती डब्यांकडे बघत पुटपुटली. "माणसं बघतायत. त्या कचेरीतल्या मुलीची आत्या बाहेर उभी आहे."

"एकच सांग. तू बोललीस ते खरं होतं का?"

"मला खोटं बोलता येतं का गं? खरं होतं, म्हणून तर तिला पटलं."

"आणि लेक म्हणालीस ते?"

"तेही खरंच." तिनं कॉर्न्ड बीफचा एक डबा उचलला, बघून परत ठेवला. "पण ते पटून तुझा नवरा जगत नव्हता."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिला बदडावंसंही वाटलं. ती पैसे देऊन निघून गेली.

मावशीला एक गोष्ट कळली नव्हती, मलाही नव्हती. तिनं दार उघडलं ते आमच्यासाठी, पण त्यातून दुसरेच आत शिरले. आता तिचं नाव घेऊनच लोक आमच्या घरावर दगड टाकायला लागले. "एइदारानं सांगितलंय, कचरा!" असं ओरडायचे. मावशीला झाडू घेऊन बाहेर पडता येईना. ती बाहेर आली असती तर सगळं फुकट गेलं असतं. ती आपल्या खिडकीत उभी राहायची, मी माझ्या. मध्ये तिनंच लावलेलं पपईचं झाड होतं.

कॅथरीननं शब्द पाळला. आमचं नाव वर गेलं. पण तिचं कळवणं इथल्या सरकारपर्यंतही पोचलं, आणि इथलं सरकार आमच्या काळजीनं एकदम जागं झालं. एका सकाळी अधिकारी आला. हा तोच, ज्यानं आम्हाला मोकळं म्हटलं होतं.

"वस्तीत तुम्हाला धोका आहे," तो म्हणाला. "तुमच्या सुरक्षेसाठी तुम्हाला परत वर छावणीत ठेवतोय. त्या देशाचं उत्तर येईपर्यंत."

"उत्तर कधी येणार?"

"येईल ना. आता तुमचं प्रकरण भक्कम आहे."

"आणि आम्ही वर जाणार नाही म्हटलं तर?"

"तर मग धोका नाही असं होईल, ताई. तसं लिहू का?"

मी कपडे बांधायला घेतले. सिरवान भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला उठवून बसवलं तर म्हणाला, "कुठे?" कित्येक महिन्यांत तोंडातून निघालेला हा पहिला शब्द. मी म्हटलं, "वर." त्यानं मान हलवली आणि स्वतःच चपला घातल्या. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

निघायच्या आधी मी हानाला मोरीत नेलं, तोंड धुतलं, आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. "हे बघ, आता कुणी विचारलं ना, कुणाची गं तू, तर रानिबोक म्हणायचं नाही. आजीचं नाव घ्यायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"कुणाची नाही, म्हण."

"पण मी आहे ना आजीची?"

"म्हणू नकोस म्हटलं ना!" मी तिच्या दंडाला धरून हलवलं. मग तिला पोटाशी घेतलं. तिच्या केसांना मावशीच्या खोबरेल तेलाचा वास येत होता. "बाबा बरे व्हायला हवेत ना? मग म्हण बघू. कुणाची नाही."

"कुणाची नाही," हाना म्हणाली.

"पुन्हा."

व्हॅन आली तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला जमले होते. मावशी आपल्या अंगणात आमच्याकडे पाठ करून मासे साफ करत होती. सुरी चालत होती, पण पाटावर मासा नव्हता, तो केव्हाच साफ करून बाजूला ठेवलेला दिसत होता. हानानं तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिनं हाक मारली नाही. शहाण्यासारखी गाडीत चढून बसली.

वर ऊन पांढऱ्या दगडांवरून डोळ्यांत घुसत होतं. फाटकाशी पहारेकरी नवा होता, विशीतला, इथलाच. त्यानं आमच्या पिशव्या उघडून पाहिल्या, सिरवानचे खिसे चाचपले. मग हानाला पाहून हसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकला.

"कुणाची गं तू?"

हानानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "कुणाची नाही," ती म्हणाली. शुद्ध नाउरू भाषेत, मावशीच्या ठसक्यात.

"असं कसं?" तो हसायला लागला. "बोलतेस तर अगदी आमच्या रानिबोकांसारखी! मी पण रानिबोक. सांग ना खरं, कुणाची?"

अधिकारी आमच्या मागेच उभा होता. हानानं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं. मग ती हसली. पटकन संपावं म्हणून मी वर्गात हसायचे, तशीच.

पहारेकऱ्यानं खांदे उडवले, आम्हाला आत घेतलं आणि फाटकाला कुलूप घातलं.